पाटीच्या तळाची अंजिरं

आमच्या थोरल्या जाऊबाई पुरंदर तालुक्यात राहतात. त्यांच्या मळ्यात अंजिराची अकरा झाडं आहेत, आणि मीठा बहार सुरू झाला की मार्चपासून अधूनमधून एक पाटी पुण्याला आमच्याकडे येते. वरचा थर बघत राहावा असा, पानांवर मांडलेला, जांभळट. खालच्या थराने मात्र दिवे घाटाची सगळी वळणं सोसलेली असतात. दबलेली, फुटलेली, एकमेकांना चिकटलेली फळं. ताजं अंजीर दोन दिवस टिकलं तरी नशीब. फुटलेलं तर संध्याकाळीच आंबूस वास सोडतं. शेजारी वाटायला काढतो ती वरचीच. फुटकं फळ कुणाच्या हातावर ठेवणार?

या तळच्या अंजिरांचं मी बरंच काही करून पाहिलं. मिल्कशेक झाला, जॅम झाला, बर्फीही झाली. घरात टिकला तो एकच प्रकार: खाली बिस्किटाचा थर, मध्ये अंजिराचा गर, वर पुन्हा बिस्किटाचा चुरा, आणि भाजून कापलेल्या चौकोनी वड्या. मुलं त्यांना ‘बार’ म्हणतात. मी वड्याच म्हणते.

याचं मूळ माझं नाही, अमेरिकेचं आहे. भाचा बॉस्टनला शिकत होता. एका सुट्टीत त्याने ‘फिग न्यूटन’ नावाच्या बिस्किटांचं पाकीट आणलं. मला वाटलं, सफरचंदवाला न्यूटन. तर तसं नाही. बॉस्टनच्या शेजारी न्यूटन नावाचं गाव आहे आणि बिस्किटाला त्या गावाचं नाव दिलेलं आहे. 1891 साली जवळच्याच केंब्रिजपोर्टमधल्या केनेडी बिस्किट कंपनीने ती करायला घेतली. ती शक्य झाली जेम्स हेन्री मिचेल याच्या यंत्रामुळे. नरसाळ्याच्या आत दुसरं नरसाळं अशी त्याची रचना होती. बाहेरच्यातून पीठ, आतल्यातून गर, दोन्ही एकाच वेळी बाहेर पडतं आणि भरलेली लांब नळी तयार होते. मग फक्त कापायची. हे वाचलं तेव्हा मला आमचा चकलीचा सोऱ्या आठवला. सोऱ्याच्या पोटात दुसरा सोऱ्या! करंज्या एकेक भरून, मुरड घालून बोटं दुखवणाऱ्या बायकांना हे सुचायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

तसं यंत्र घरी नाही, म्हणून मी थर लावते. पहिल्या खेपेला एका इंग्रजी पुस्तकातली कृती जशीच्या तशी केली आणि ट्रे साफ फसला. वर खरपूस, मध्ये जॅम, तळाला शिरा. सुरी घातली तर वडी निघेना, चमच्याने वाढावी लागली. जाऊबाई तेव्हा आल्या होत्या. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, चव चांगली आहे. पण पुरण सैल ठेवलंस. सैल पुरणाची पोळी कधी धड झालीय का?”

तिथे माझा प्रश्न सुटला. पुस्तकात ‘घट्ट होईपर्यंत शिजवा’ एवढंच होतं. घट्ट म्हणजे किती, हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे: उलथनं मधोमध खुपसलं तर आधाराशिवाय उभं राहिलं पाहिजे. अंजिराच्या गराला हीच कसोटी लावायची. ताज्या अंजिरात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. ते कढईत आटवलं नाही, तर ओव्हनमध्ये तळच्या थरात उतरणार.

अर्धा किलो ताज्या फळांचे देठ काढून ती कुस्करायची. सालं राहू द्यायची, रंग त्यांच्यातच असतो. देठाचा पांढरा चीक हाताला लागला तर खाज सुटते, म्हणून देठ सुरीने उडवावेत. त्यात शंभर ग्रॅम सुकी अंजिरं बारीक चिरून टाकायची. दोरीत ओवून माळेसारखी विकायला असतात ती, अफगाणिस्तानातून येणारी. आपलं पुरंदरचं अंजीर ताजं खाण्याचं फळ आहे. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्याच ख्यातीवर. या कढईत मात्र दोघांचं छान जमतं, कारण सुकं अंजीर ओल्याचं पाणी पितं आणि आटवण्याचा वेळ वाचतो. साठ ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ढवळत राहायचं, शेवटी एका लिंबाचा रस. डिसेंबर-जानेवारीतल्या खट्टा बहाराची फळं कमी गोड असतात. ती असतील तर लिंबू अर्धंच घ्या. गर पूर्ण गार होऊ द्यायचा. कोमट गर पिठातलं लोणी वितळवतो.

(आमच्या भिशीत कुणीतरी दर वेळी विचारतं, “अंजिरात माशी मेलेली असते ना?” अंजीर म्हणजे उंबराचाच भाऊबंद, आत तोंड करून फुललेला फुलोरा. काही जातींना फळ धरायला एक इवलीशी माशी आत शिरावी लागते. आपल्याकडच्या पुणे अंजिराला ती लागत नाही. निर्धास्त खा.)

आता पीठ. दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम कणीक, नव्वद ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आणि दीडशे ग्रॅम लोणी. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे नेमकं उलट, मोहन थंडगार हवं. फ्रीजमधल्या लोण्याचे तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचे. तळवा लावायचा नाही, तो गरम असतो. मूठ दाबली तर मुटका वळावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा. वळतच नसेल तर चमचाभर थंड दूध. मळायचं अजिबात नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि वडी खुसखुशीत न होता खारीक चावल्यासारखी लागते.

लोणी कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. विकतच्या बटरमध्ये निदान ऐंशी टक्के स्निग्धांश असतो आणि पाणी सोळा टक्क्यांपर्यंत. घरच्या ताकाच्या लोण्यात पाणी पुष्कळ जास्त. माझा पहिला ट्रे फसण्यात त्याचाही हात होता. घरचं वापरायचं तर बर्फाच्या पाण्यात धुऊन फडक्यात घट्ट पिळा. त्याची किंचित आंबट चव अंजिराला खुलवते. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

तूप घालून पाहिलं का, असं सगळ्याजणी विचारतात. पाहिलं. तुपात पाणी जवळपास नसतं, त्यामुळे त्याची नानकटाई होते, आणि नानकटाई सुरीखाली भुगा होते. तुपाची नानकटाई वाईट थोडीच असते! माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन आई कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची. आपलं सामान, त्यांची भट्टी, घडणावळ किलोवर. आमचा पत्र्याचा डबा राखत मी तिथे बसून राहायचे. एका वर्षी डबे बदलले आणि आमच्या घरी कुणाची तरी जिऱ्याची बिस्किटं आली. ती संपल्यावर आईला बदल कळला, असं ती सांगायची. माझा त्यावर विश्वास नाही.

तर भाजणं. वीस सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेला बटर पेपर लावून दोन तृतीयांश चुरा वाटीच्या बुडाने दाबून बसवायचा. ओटीजी 180 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापलेला हवा. तळचा थर आधी एकटाच पंधरा मिनिटं भाजायचा. ही पायरी आळसाने गाळू नये. वर ओला गर आला की तळाला पुरेशी धग लागत नाही आणि पीठ शिजतं, भाजत नाही. मग गर पसरायचा आणि उरलेला चुरा न दाबता वर भुरभुरायचा. आणखी पंचवीस ते तीस मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत.

गरम असताना कापू नका. मी दोन तास तरी थांबते, मुलांना खोलीबाहेर काढून. पहिल्या दिवशी वडी कुरकुरीत असते, बिस्कीट वेगळं आणि अंजीर वेगळं. रात्रभर घट्ट डब्यात राहिली की गराचा ओलावा बिस्किटात हळूहळू उतरतो, पीठ मऊ पडतं आणि सुरी न चुरता आरपार जाते. दाताखाली मग फक्त बिया कुरकुरतात. दुसऱ्या दिवशीची वडी जास्त चांगली, असं माझं ठाम मत आहे. मुलगा पहिल्या दिवसाच्या बाजूचा आहे. बाहेर चार दिवस टिकतात, एप्रिलच्या उकाड्यात मात्र फ्रीजमध्येच ठेवाव्यात.

गेल्या मार्चमध्ये सोळापैकी आठ वड्या रिकाम्या पाटीतूनच जाऊबाईंकडे पाठवल्या. रात्री त्यांचा फोन आला. “पुरण बरोबर झालंय,” म्हणाल्या, “आता गूळ थोडा कमी कर.”