सिनियरने शिकवलेली सोनोग्राफी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात बिबवेवाडीत ईएसआयसीचं रुग्णालय आहे आणि सातारा रस्ता ओलांडला की धनकवडीत 1989 पासून भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे पेशंट म्हणून असो वा पालक म्हणून, शिकाऊ डॉक्टरांचा विषय इथल्या घराघरांत निघतोच. मेडिकलचे वरच्या वर्गातले विद्यार्थी खालच्यांना सोनोग्राफी शिकवतात, असं सांगितलं की बहुतेकांच्या कपाळावर आठी पडते. ही पद्धत अनेक देशांत रुळली आहे. आपल्याकडेही ती नीट समजून घ्यायला हवी.

सगळ्यात मोठा आक्षेप असा, की ज्याला स्वतःलाच धड येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? आजार ओळखण्याच्या बाबतीत हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण सोनोग्राफीची पहिली पायरी आजार ओळखण्याची नसून हात बसण्याची असते. उजव्या बरगड्यांखाली जेल लावायचं, प्रोबवरची (अंगावर टेकवायच्या, यंत्राच्या हातातल्या भागावरची) खूण डोक्याच्या दिशेला ठेवायची आणि पडद्यावर यकृत शोधायचं. नवशिक्याला दिसतो फक्त करडा धूर. तो घाबरून प्रोब इकडेतिकडे सरकवत राहतो. अशा वेळी शेजारचा सिनियर म्हणतो, ‘‘अरे, सरकवू नकोस. जागच्या जागी जरा तिरका कर. आता झोपलेल्याला खोल श्वास घेऊन रोखायला सांग.’’ श्वास घेतल्यावर यकृत खाली येतं आणि त्याच्यामागची किडनी एकदम उघडी पडते. या दोघांमधली फट म्हणजे मॉरिसन पाउच. नवले पुलाजवळच्या अपघातातल्या जखमीच्या पोटात रक्तस्राव होत असेल, तर तो बहुधा इथेच काळ्या पट्टीसारखा दिसतो. ही जागा सापडण्यासाठी हाताला सराव लागतो, आणि तो सराव शेजारी बसून करून घ्यायला दर वेळी प्राध्यापक मोकळे नसतात. सिनियरला आपण गेल्या वर्षी कुठे अडखळलो होतो ते आठवत असतं. शिवाय सरांसमोर विचारायला संकोच वाटतो, तो प्रश्न सिनियरला बिनधास्त विचारता येतो.

हे नुसतं मत नाही. जर्मनीतल्या आखेनमध्ये स्नायू-सांध्यांच्या सोनोग्राफीवर अशी तुलना झाली आणि ती 2010 मध्ये ‘मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात छापून आली. प्रशिक्षण दिलेल्या विद्यार्थी-शिक्षकांकडून शिकलेले विद्यार्थी प्राध्यापकांकडून शिकलेल्यांच्या मागे पडले नाहीत. यातला ‘प्रशिक्षण दिलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. सिनियरला आधी तयार न करता उभं केलं, तर त्याच्या चुकीच्या सवयीही पुढच्या बॅचकडे जातात. त्यामुळे काय शिकवायचं ते प्राध्यापकांनी ठरवायचं आणि परीक्षाही त्यांनीच घ्यायची. या पद्धतीने प्राध्यापकांची गरज संपते, ही समजूतही चुकीची आहे.

‘पण कायद्याने बंदी आहे ना?’ हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच, आणि तो यायलाच हवा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये आपल्याच राज्याने केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तो 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये आणखी कडक झाला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. म्हणून कायद्याचा जाच होतो ही तक्रार मला पटत नाही. कायद्याने बंदी आहे ती गर्भाचं लिंग तपासण्यावर व सांगण्यावर आणि नोंदणी नसलेल्या यंत्रावर. यकृत ओळखायला शिकण्यावर बंदी नाही. मात्र भूल देणाऱ्या विभागातलं, गर्भवतीला कधीच न लागणारं यंत्रसुद्धा नोंदवावं लागतं. छोटं पोर्टेबल यंत्र उचलून होस्टेलवर न्यायचं आणि रात्री सराव करायचा, हे चालणार नाही. सराव नोंदणीकृत जागेतच, पात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मॉडेलवर किंवा राजीखुशीने तयार झालेल्या पुरुष स्वयंसेवकावर व्हावा. यात कुणी सूट मागू नये.

ज्याच्यावर सराव होतो त्या स्वयंसेवकाला किरणांचा त्रास होईल, ही भीती अनाठायी आहे. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतातच. तिथे काम करतो तो कानाला न ऐकू येणारा ध्वनी. हवा त्याला अडवते, म्हणून तर जेल लागतं.

शिकवण्यात सिनियरचा वेळ वाया जातो, असं पालकांना वाटतं. त्यांनी एवढंच पाहावं, की यकृताची कड पडद्यावर का दिसत नाही हे दुसऱ्याला समजावून सांगताना डेप्थ (किती खोलवरचं दिसावं) आणि गेन (चित्र किती उजळ दिसावं) यांतला फरक सिनियरच्या स्वतःच्या डोक्यातही पक्का होतो.

राहिला प्रश्न यानंतर ही मुलं सोनोग्राफी करू लागतील का, हा. नाही. नुसत्या एमबीबीएस डॉक्टरला गर्भवतीची सोनोग्राफी करायची असेल तर 2014 च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. विद्यार्थ्यांच्या सरावातून रिपोर्ट निघत नाही आणि त्यावरून कुणाचे उपचारही ठरत नाहीत. तेव्हा वॉर्डात एखाद्या विद्यार्थ्याने ‘‘काका, शिकण्यासाठी प्रोब लावून पाहू का?’’ असं विचारलं, तर त्याच्यासोबत कोणते डॉक्टर आहेत हे आधी विचारा. मन नसेल तर सरळ नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे.