"पोटची लेक कशी दिली असंल?"

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्याचे पैसे मोजून झाले, चहा झाला आणि गप्पा सिंधुताई सपकाळांवर आल्या. 'मी सिंधुताई सपकाळ' हा २०१० सालचा सिनेमा दोघी-तिघींनी पाहिला होता. सगळ्या हळहळत होत्या, एकटीच गप्प. शेवटी म्हणाली, "ताई, मला एक नाही पटलं. पोटची लेक दुसऱ्याकडं कशी दिली असंल वो त्यांनी?"

बोलणारी पंचविशीच्या आतली. नाव सांगत नाही. आई-बाप ऊसतोडीला. दसरा-दिवाळीला गाडी भरून फडावर गेले की उन्हाळ्यातच परत. मागे ही, दोन धाकटी भावंडं आणि डोळ्यांनी अधू आजी. भाकरी थापायला शिकली ती आठव्या वर्षी. सातवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न. "पोरगी एकटी घरी कशी ठेवायची?" हे आमच्या बीड जिल्ह्यात घरोघरी ऐकू येतं. त्याला नुसती सबब म्हणायला माझी जीभ धजत नाही. खोपीत राहणाऱ्या आईची भीती खोटी नसते. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मिळते ती जोडीला. मुलगी झाली, दोन वर्षांत नवऱ्याने दुसरा घरोबा केला. ही लेकरू घेऊन माहेरी आली, तर माहेर पुन्हा फडावर!

माईंचं बालपण तरी कुठं सुखाचं होतं? १९४८ साली वर्धा जिल्ह्यात जन्म. नको असलेली मुलगी म्हणून घरात नाव पडलं 'चिंधी'. शिक्षण चौथीपर्यंत, लग्न कोवळ्या वयात. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं. गोठ्यात बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली, हे त्या स्वतः भाषणांत सांगत. आईनेही दार उघडलं नाही. मग रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून भीक मागायची आणि मिळेल त्यातलं तिथल्या अनाथ पोरांनाही द्यायचं. पुढे या पोरांची माय व्हायचं ठरवलं, तेव्हा आपल्या लेकीकडे माया झुकेल म्हणून ममताला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलं. ममताताई मोठ्या झाल्यावर आईच्याच कामात उतरल्या. २०२१ साली माईंना पद्मश्री जाहीर झाली, ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या.

मी हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या मोठ्या होत्या. मला एवढं मोठं नाही व्हायचं. मला माझी एक लेक संभाळू द्या."

खरं सांगू? मलाही सिनेमा पाहताना हाच प्रश्न पडला होता, पण डोळे पुसायच्या नादात विचारायचा राहून गेला. माईंची थोरवी मान्य करूनही हिचं म्हणणं मला चूक वाटत नाही.

अन् ही काही कमी चालली नाही. गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं. आधी बँकेत माझ्या पदराआड उभी राहायची, आता स्वतः स्लिप भरते. यंदा मुलीला पहिलीत घालायची होती. शाळेतून दोनदा परत पाठवलं, "वडिलांची सही आणा." दुसऱ्यांदा माझ्या ओट्यावर बसून रडली. मी तिला सांगितलं, बाप लेकराचं काही बघत नसेल तर आई पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच गीता हरिहरन यांच्या खटल्यात म्हटलंय. तिसऱ्या वेळी मी सोबत निघाले, तर म्हणाली, "ताई, तुम्ही फाटकापाशी थांबा."

अर्ध्या तासाने आली. हातात पावती. पालकाच्या रकान्यात सही तिची. अक्षर जरा वाकडं आलं म्हणून हळहळत होती!

पुढच्या बैठकीला ती उशिरा येणार आहे. त्या दिवशी शाळेत पालक सभा आहे.