फोल्डर यादीत दिसत नाही, म्हणजे तो नाहीच का? ग्राफानाचे फोल्डर समजून घेऊया

यूपीआयने पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं आणि व्यवहार अडकतो, असं तुमच्याही बाबतीत कधीतरी झालं असेल. अशा वेळी पलीकडे कुणीतरी इंजिनिअर स्क्रीनवरचे आलेख बघत असतो. कुठला सर्व्हर थकलाय, डेटाबेस किती वेळात उत्तर देतोय, किती रिक्वेस्ट फेल होतायत, हे त्याला त्या आलेखांवरून कळतं. या कामाला मॉनिटरिंग म्हणतात. एका पानावर मांडलेल्या अशा आलेखांच्या रिपोर्टला डॅशबोर्ड म्हणतात.

मोठ्या कंपनीत असे शेकडो डॅशबोर्ड असतात आणि ते फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. आज आपण बघणार आहोत की या फोल्डरांची यादी कशी मिळते आणि ती वाचताना काय लक्षात ठेवायचं. उदाहरण घेऊया ग्राफानाचं, कारण ते ओपन सोर्स आहे आणि मी स्वतः रोज वापरतो.

ग्राफाना म्हणजे काय?

स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांनी किबाना नावाच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीवरून ग्राफाना तयार केलं आणि २०१४ मध्ये ते लोकांसमोर आलं. सुरुवातीला त्यात फोल्डर नव्हतेच. सगळे डॅशबोर्ड एकाच लांबलचक यादीत असायचे, सोबत टॅग आणि स्टार एवढाच आधार. २०१८ मध्ये पाचव्या आवृत्तीत फोल्डर आले. फोल्डरच्या आत फोल्डर ठेवायची सोय त्याहून बरीच नंतरची, २०२४ मधल्या अकराव्या आवृत्तीत ती पक्की झाली.

यादी बघायचे दोन मार्ग

पहिला मार्ग स्क्रीनवरून. डावीकडच्या मेनूत ‘डॅशबोर्ड्स’वर टॅप केलं की फोल्डर दिसतात. फोल्डर उघडला की आतले फोल्डर आणि डॅशबोर्ड. वर सर्चचा चौकोन असतो. टॅग किंवा स्टारप्रमाणेही गाळता येतं.

दुसरा मार्ग एपीआयचा, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने यादी मागायची. सर्व्हरच्या पत्त्यापुढे ‘स्लॅश एपीआय स्लॅश फोल्डर्स’ जोडून रिक्वेस्ट पाठवली की उत्तरात प्रत्येक फोल्डरचं नाव आणि त्याचा यूआयडी मिळतो. यूआयडी म्हणजे त्या फोल्डरची कायमची ओळख. उद्या कुणी फोल्डरचं नाव बदललं तरी यूआयडी तोच राहतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये नावापेक्षा यूआयडी वापरणं केव्हाही चांगलं.

इथपर्यंत सोपं आहे. गडबड होते ती यादी वाचताना. आपण धरून चालतो की यादीत आहे तेवढंच सिस्टीममध्ये आहे. तसं नसतं! यादी अपुरी दिसायची तीन कारणं असतात.

कारण १ : परवानगी

ग्राफाना फक्त तेच फोल्डर दाखवतं जे बघायची तुमच्या खात्याला परवानगी आहे. बाकीचे ‘लॉक’ चिन्हासह वगैरे दिसत नाहीत, ते यादीत येतच नाहीत. एररही येत नाही.

तुमच्या फोनवरही हेच चालतं. अँड्रॉइड १४ मध्ये एखाद्या अ‍ॅपला ‘फक्त निवडलेले फोटो’ बघायची परवानगी दिली, तर त्या अ‍ॅपला तेवढेच फोटो दिसतात. गॅलरीत तीन हजार फोटो असले तरी त्या अ‍ॅपच्या दृष्टीने पाचच.

आमच्या टीममध्ये एक मुलगी नवीन आली होती. तिला डेटाबेसचा डॅशबोर्ड हवा होता. यादीत फोल्डर दिसेना, म्हणून तिने नवीन डॅशबोर्ड बनवायला घेतला. खरं तर फोल्डर होता, तिच्या खात्याला परवानगी मिळायची बाकी होती. शेजारच्या सहकाऱ्याने वेळीच पाहिलं म्हणून ठीक. नाहीतर एकाच डेटाबेसचे दोन डॅशबोर्ड झाले असते, दोघांत धोक्याची मर्यादा वेगळी. सर्व्हर पडल्यावर एकावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवं दिसलं, तर विश्वास कशावर ठेवायचा?

कारण २ : पातळी

एपीआयकडे नुसती फोल्डरांची यादी मागितली तर वरच्या पातळीवरचेच फोल्डर मिळतात. ‘पेमेंट’च्या आत ‘डेटाबेस’ असेल, तर ‘पेमेंट’ दिसेल, ‘डेटाबेस’ नाही. आतलं हवं असेल तर पेमेंटचा यूआयडी ‘पॅरेंट यूआयडी’ म्हणून देऊन पुन्हा विचारायचं. मग त्याच्या आतल्याचा यूआयडी घेऊन पुन्हा. घरातलं प्रत्येक कपाट उघडून आतला डबाही उघडायचा, तसंच हे.

कधी आतल्या फोल्डरची परवानगी असते, पण बाहेरच्याची नसते. अशा वेळी स्क्रीनवर ‘शेअर्ड विथ मी’ असा वेगळा फोल्डर दिसतो. शोधताना तोही उघडून बघा.

कारण ३ : पान

फोल्डरांची यादी मागताना लिमिट दिली नाही तर एका वेळी जास्तीत जास्त १००० नावं येतात. पुढची हवी असतील तर पान क्रमांक २, ३ असं मागत जायचं. शोधाच्या एपीआयलाही न सांगता १००० चीच मर्यादा लागते, ती फार तर ५००० पर्यंत वाढवता येते. उत्तरात बरोबर १००० नावं आली तर ‘वा, गोल आकडा!’ म्हणू नका. पुढचं पान मागा. मागितल्यापेक्षा कमी नावं आली की यादी संपली असं समजा.

याने फरक काय पडतो?

समजा, एक स्क्रिप्ट रोज रात्री सगळ्या डॅशबोर्डचा बॅकअप घेते. ती ज्या सर्व्हिस अकाउंटच्या टोकनने चालते, त्याला चार फोल्डरांची परवानगीच नाही. स्क्रिप्ट रोज ‘यशस्वी’ म्हणेल, कारण तिला दिसलेलं सगळं तिने जपलंय. ग्राफानामध्ये फोल्डर डिलीट केला की आतले डॅशबोर्डही जातात. ज्या दिवशी त्या चारांपैकी एक चुकून उडेल, त्या दिवशी कळेल की बॅकअप कधी घेतलाच गेला नव्हता.

म्हणून या सवयी लावून घ्या:

- स्क्रिप्ट तपासताना अ‍ॅडमिन खातं वापरू नका. अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं. ज्या टोकनने ती रोज चालणार, त्यानेच तपासा.
- अ‍ॅडमिनला दिसणारे फोल्डर आणि स्क्रिप्टला दिसणारे फोल्डर, दोन्ही मोजा. आकडे जुळले पाहिजेत.
- ‘फोल्डर नाहीये’ म्हणण्याआधी कुणाकडून तरी थेट लिंक मागून उघडा. ४०३ आला तर परवानगी नाही, फोल्डर असू शकतो. ४०४ आला तर त्या यूआयडीचा फोल्डर सापडलेला नाही.
- फोल्डरला माणसाचं नाव देऊ नका, टीमचं किंवा सेवेचं द्या. माणूस नोकरी बदलतो, ‘पेमेंट’ तिथेच राहतं.

हे सगळं बघायला नोकरी लागायची वाट बघू नका. फोनच्या ब्राउझरमध्ये ‘प्ले डॉट ग्राफाना डॉट ऑर्ग’ उघडा. ग्राफानाची ही सार्वजनिक डेमो साइट लॉगिनशिवाय चालते. फोल्डर उघडा, आत जा, बाहेर या, सर्च करून बघा. आणि तिथली यादी बघतानाही ध्यानात ठेवा, की ही पाहुण्याला दाखवलेली यादी आहे.