भूत उतरलं पन्नास वर्षांनी

१९५४ साली त्सुंग-दाओ ली यांनी कणभौतिकीतली एक छोटी प्रतिकृती मांडली. तिच्यात कण तीनच: व्ही, एन आणि थीटा. व्हीपासून एन आणि थीटा होतात, ते दोघे भेटले की पुन्हा व्ही. क्षेत्र सिद्धांतातली गणितं सहसा अंदाजाने, टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. हे मात्र पूर्ण सुटत होतं. पुढच्याच वर्षी गुन्नार कॅलेन आणि वोल्फगांग पाउली यांनी त्यात भूत दाखवलं. कणांमधली परस्परक्रिया एका मर्यादेपलीकडे वाढवली, की संभाव्यतेचं माप ऋण असलेली एक अवस्था डोकं वर काढते. शास्त्रज्ञ तिला खरोखरच ‘भूत’ म्हणतात. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता शून्य असू शकते, शून्याहून कमी कशी असेल?

त्या मर्यादेपलीकडे मूळ समीकरणात उणे एकचं वर्गमूळ, म्हणजे ‘आय’, शिरतं आणि ऊर्जेचा हिशेब ठेवणारा हॅमिल्टोनियन हर्मिशियन राहत नाही. हॅमिल्टोनियन संख्यांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडता येतो. हर्मिशियन मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ करून प्रत्येक आयचं चिन्ह उलटवलं, तरी मॅट्रिक्स तेच राहतं. ही अट पाळली की ऊर्जा वास्तव संख्येत येते. पण ती मोडली तर ऊर्जा वास्तव येणारच नाही, असं कुठे सिद्ध झालं होतं?

१९९८ मध्ये कार्ल बेंडर आणि श्टेफान बोट्शर यांनी नेमकं हेच तपासलं. संवेगाचा वर्ग अधिक आय गुणिले स्थानाचा घन, असा त्यांचा एक हॅमिल्टोनियन होता. त्याच्या ऊर्जा निघाल्या १.१५६, ४.१०९, ७.५६२... सगळ्या वास्तव, सगळ्या धन! आरशात पाहिलं की घनाचं चिन्ह बदलतं, काळ उलटा फिरवला की आयचं. दोन्ही एकदम केलं की समीकरण जागेवर येतं. या सममितीचं चित्र हवं असेल, तर नळीने जोडलेले दोन हौद घ्या. एकात जितकं पाणी पडतं, तितकंच दुसऱ्यातून वाहून जातं. नळी पुरेशी रुंद असेल, तर दोन्हींची पातळी टिकते. आरसा हौदांची अदलाबदल करतो, उलटा काळ भरण्याचं उपसणं करतो. २००१ मध्ये डोरी, डनिंग आणि तातेओ यांनी या ऊर्जा वास्तवच असल्याची सिद्धता दिली.

२००५ मध्ये बेंडर आणि सहकारी लींच्या प्रतिकृतीकडे वळले. भुताच्या प्रदेशातही तिच्यात हीच सममिती होती. संभाव्यता मोजण्याची मोजपट्टी बदलली, तर ‘भुताची’ संभाव्यता धन येत होती. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की नवी मोजपट्टी बाहेरून आणलेली नाही. ती त्या हॅमिल्टोनियनमधूनच काढावी लागते. अडचणही तिथेच आहे. क्षेत्र सिद्धांतात ती काढणं अतिशय कष्टाचं असतं, बहुतेकदा अंदाजानेच जमतं.

तरी वाट पुढे गेली आहे. २०१५ मध्ये अलेक्सांद्र, बेंडर आणि मिलिंग्टन यांनी फर्मिऑनला, म्हणजे न्यूट्रिनो ज्या गटात मोडतो त्या गटातल्या कणाला, नेहमीच्या वस्तुमानाबरोबर हर्मिशियन नसलेलं दुसरं पद दिलं. कणाच्या वस्तुमानाच्या वर्गात या दुसऱ्या पदाचा वर्ग वजा होतो. दोन्ही पदं जवळजवळ सारखी असली, की उरतं ते अगदी थोडं. आणि न्यूट्रिनोचं वस्तुमान इतकं थोडं का, हे कोडं अजून सुटलेलं नाही.