सर्जेरावाचा माहितीपट कोण काढणार?

‘छावा’ सिनेमा आला, खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात संचारबंदी लागली. ते सगळं वाचकांच्या डोळ्यांसमोर आहेच. त्या दिवसांत मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या घरी, एक जुना माहितीपट पुन्हा पाहिला. बार्बे श्रोडर यांनी १९७४ साली युगांडाच्या इदी अमीनवर काढलेला.

अमीनला वाटलं, आपली तसबीर निघते आहे. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे तो मनसोक्त वागला. एका माळावर थोडेसे सैनिक घेऊन तो इस्रायलकडून गोलन टेकड्या जिंकून घेण्याची तालीम करतो. मग मंत्रिमंडळाची बैठक येते. अमीन बोलतोय आणि मंत्री शाळकरी पोरांसारखे खाली मान घालून वहीत उतरवून घेताहेत. परराष्ट्रमंत्र्यावर त्याची नाराजी आहे. त्या मंत्र्याचं प्रेत दोन आठवड्यांनी नाईल नदीत सापडलं, असं निवेदक शांतपणे सांगतो. पुढे काही दृश्यं खटकली म्हणून अमीननं युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना एका हॉटेलात कोंडलं आणि श्रोडरना कात्री लावायला भाग पाडलं. १९७९ मध्ये अमीन पळाल्यावर ती दृश्यं परत जोडली गेली.

ती बैठक पाहताना मला दर वेळी सखाराम घाटगे आठवतो. कागलचा, किताब सर्जेराव. ग्वाल्हेरच्या बायजाबाईंचा बाप, दौलतराव शिंद्यांचा सासरा.

दुसऱ्या बाजीरावानं पेशवाईच्या गादीसाठी शिंद्यांना दोन कोटी रुपये कबूल केले होते, आणि खजिन्यात ते नव्हते. पलटणींचे पगार तटलेले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणवीस भेटीला शिंद्यांच्या गोटात गेले, ते मायकेल फिलोज या परदेशी सरदाराच्या शब्दावर विसंबून. त्यानंच त्यांना धरलं. थोड्याच आठवड्यांत पुण्यात दौलतराव-बायजाबाईंचं लग्न लागलं आणि आधीच्या देण्यात लग्नाचा खर्च येऊन पडला. बाजीरावानं तोड सुचवली: घाटग्याला दिवाण करा, पैसा पुण्यातूनच निघेल.

पैसा कसा काढला, ते नीट पाहायला हवं. ज्याच्याकडे रक्कम असेल असा वहीम, त्याला घरातून उचलायचं. कबूल होत नसेल तर तोफ तापवायची आणि माणसाला तिच्यावर बांधायचं. नानांचे आप्त गंगाधरपंत भानू असेच बांधलेल्या अवस्थेत गेले. अप्पा बळवंत मेहेंदळ्यांनी विष घेऊन सुटका करून घेतली. तोफ शत्रूवर डागायची वस्तू. तिचा तवा केला तो स्वतःच्याच राजधानीत, स्वतःच्याच माणसांसाठी आणि लग्नाची उधारी फेडायला. पुढे महादजी शिंद्यांच्या विधवांनाही याच माणसानं फटके मारवले, आणि त्यातून शिंद्यांच्या घरातच लढाई उभी राहिली.

कुणी म्हणेल, आपल्याकडे ‘घाशीराम कोतवाल’ झालंच की. झालं, १९७२ साली, आणि तेंडुलकरांच्या त्या नाटकावर केवढं वादळ उठलं. पण घाशीरामाला १७९१ मध्ये पुणेकरांनी दगडांनी ठेचून मारलं होतं. म्हणजे त्याची गोष्ट तिथल्या तिथे मिटते. सर्जेराव मात्र मधे एकदा कैद होऊन पुन्हा सुटला, परत कारभारात शिरला आणि आणखी दहा-अकरा वर्षं वावरला. १८०९ मध्ये दौलतरावांच्या छावणीत बोलण्यावरून बोलणं वाढलं, त्याला धरायचा हुकूम सुटला, त्यानं प्रतिकार केला आणि मानाजी फाकड्याच्या भाल्यानं तो मेला.

या छावणीचा श्रोडरही होऊन गेला. टॉमस ब्रॉटन, इंग्रज वकिलाच्या रक्षकपथकाचा अंमलदार. १८०९ सालभर छावणीतून त्यानं भावाला पत्रं लिहिली, ती १८१३ मध्ये छापली गेली. साहेबाचा तोरा त्यात पानोपानी आहे आणि तो मला सलतो. तरीही महाराज शिकारीत रमलेले आणि पगार थकला म्हणून त्यांच्याच पलटणी त्यांच्या दाराशी धरणं धरून बसलेल्या, हे त्यानं रोजच्या रोज टिपलं. आपल्या बखरकारांनी लढाया नि वंशावळी दिल्या. असा साधा दिवस फार थोड्यांनी दिला. परक्याच्या वहीतून आपलं घर वाचावं लागतं, याचं मला खरोखर दुःख आहे.

ती छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची थांबली आणि गावाचं नावच लष्कर पडलं. आमच्या पिढ्या तिथे वाढल्या. १८७४ चा जयविलास महाल बांधणारा सर मायकेल फिलोज हा नानांना दगा देणाऱ्या फिलोजच्याच घराण्यातला. पाहुण्यांना आम्ही झुंबरं दाखवतो, मेजवानीच्या टेबलावरची चांदीची आगगाडी दाखवतो. सर्जेरावाचं नाव घरात मी कधी ऐकलं नाही. ते मला पुस्तकात भेटलं, तेव्हा चाळिशी उलटली होती.

औरंगजेबावर सिनेमे निघतील. ज्याच्या घरी कुणी पुण्यतिथी करत नाही अशा आपल्या सर्जेरावावर एका तरुण मराठी दिग्दर्शकानं माहितीपट काढावा, असं मला फार वाटतं. त्याची सुरुवात पुण्यातल्या त्या तोफेपासून व्हावी. लाकडं कुणी आणली, तोफ तापायला किती वेळ लागला, शेजारी वही घेऊन कोण बसलं होतं आणि आकडा मांडताना त्याचा हात थरथरत होता का.