टकळीवरून चरख्याकडे



घरी सूत कातावे अशी हौस पुष्कळांना असते. हौस आली की माणूस आधी चरखा विकत आणतो. दोन दिवस धागा तटातट तुटतो, मग चरखा माळ्यावर जातो आणि पैसे पाण्यात जातात. त्यात दोष चरख्याचा नसतो. हाताला जे अजून साधले नाही, ते साधन कसे करणार?

म्हणून सुरुवात टकळीपासून करा. बांबूची काडी आणि करवंटीची गोल चकती घेतली तरी चालते. मात्र भोक बरोबर मधोमध पाडा, नाहीतर टकळी डगमगते. उजव्या हाताने टकळी फिरवा, डाव्या हातात पेळू हलका धरा. पेळू दाबला की तंतू सुटत नाहीत.

कातण्यात कामे दोनच : तंतू ओढून बारीक करणे आणि त्यांना पीळ देणे. पीळ कमी पडला तर धागा सुटून येतो. जास्त झाला तर सैल सोडताच त्याला वेढे पडतात. आणखी एक गंमत पाहा. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. त्यामुळे जाड जागा दिसायला बळकट, पण पिळावाचून पोकळ राहते आणि ताण येताच निसटते. असे सूत विणकराच्या मागावर टिकत नाही. म्हणून सूत बारीक येण्याआधी ते सारखे आले पाहिजे.

सारखेपणा घरी तपासता येतो. दोन वेगवेगळ्या दिवशी कातलेले सूत प्रत्येकी ३४ मीटर मोजा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. दोन्ही वजने जवळजवळ सारखी भरली, म्हणजे हात बसला. वजन १ ग्रॅमच्या आसपास आले तर ते सूत सुमारे २० नंबरचे समजा. ८४० वाराची एक लड, अशा २० लडी मिळून एक रत्तल भरतात, हा त्या नंबराचा हिशेब.

हात चुकत नाही, पण वेळ पुरत नाही, असे वाटू लागले की चरखा घ्या. घडी घालून ठेवता येणारा पेटीचरखा घराला सोयीचा. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी त्यावर बरेच काम केले, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. त्यात मोठ्या चाकाला लहान चाक जोडलेले असते, त्यामुळे चातीचा वेग वाढतो.

घरात जुना चरखा असेल तर नवा घेण्याची घाई करू नका. चाती वाकली आहे का पाहा. वाकलेली चाती थरथरते आणि धागा तोडते. माळ ढिली असेल तर ती घसरते आणि पीळ कमी पडतो. थोडे तेल द्या. पेळूही चांगल्या पिंजलेल्या कापसाचा वापरा. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

आता अंबर चरख्याविषयी. सुधारलेल्या चरख्यासाठी १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी अनेक चात्यांचा चरखा बनवला. त्यांच्याच नावावरून तो ‘अंबर’ झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९५६ पासून, त्याचा प्रसार झाला. यात बोटांऐवजी रूळ तंतू ओढतात. रुळांना हातचा पेळू चालत नाही. आधीच एकसारखी ओढलेली कापसाची वात लागते. तेव्हा ही वात कोठे मिळेल आणि सूत कोण घेईल, याची खादी केंद्रात चौकशी करा. दोन्ही उत्तरे मिळाल्यावरच पैसे मोजा.

गुरुजींनी वर्गात टकळीचे सूत मोजून, तोलून घ्यावे. त्यात गणितही येते आणि हातही तयार होतो. वेगवान चरखा वाईट सूत चांगले करीत नाही, ते फक्त लवकर कातून देतो. एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.