जुन्या संगणकाची गती

पाल्यासाठी जुना डेस्कटॉप संगणक घेतला आणि तो संथ चालला, की दोष प्रोसेसरला दिला जातो. वास्तविक खोळंबा बहुधा हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून माहिती शोधण्यास तिला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा जेमतेम शंभरावा अंश पुरतो. म्हणून पहिला खर्च एसएसडीवरच करावा. त्यानंतर रॅम ४ जीबीवरून ८ जीबी करावी. मात्र डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे. प्रोसेसर बदलण्याचा मोह टाळलेला बरा. विंडोज १०चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. अशा यंत्रावर विनामूल्य लिनक्स बसवावे. अभ्यासापुरते ते उत्तम चालते.